जासूस डॉक्टर

माझ्या बायकोचं हृदय ज्या माणसानं हातात घेतलं, त्याचा मला जवळजवळ वर्षभर संशय येत होता. उगाच येत होता, असं मी अजूनही म्हणणार नाही. मी नापतौल खात्यात निरीक्षक होतो. कन्नौदच्या धान्यबाजारापासून बाग गावच्या किराणा दुकानांपर्यंत लोकांचे तराजू तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. काट्याखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोकळ केलेलं वजन, मापाच्या तळाला मेणाचा थर, हे सगळं पाहिलेला माणूस जसा होतो तसा मी आहे. कुणी गरजेपेक्षा जास्त आस्था दाखवली की माझं डोकं आधी म्हणतं, याच्या काट्याखाली बघ.

डॉक्टर गोविंद तळणीकर आस्था दाखवत नसत, हे कबूल करतो. ते लक्ष ठेवत. पन्नाशी उलटलेला उंच माणूस, खांद्यात जरासा वाकलेला, दोन्ही हात सदा पँटच्या खिशात. इंदूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात हृदयाची ऑपरेशनं करायचे, राहायचे देवासला देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी, वडलांच्या घरात. पुढच्या खोलीत सकाळी दवाखाना चालायचा. लग्न केलं नव्हतं. कंपाउंडर कैलास हा वयानं त्यांच्याच बरोबरीचा, आणि जेवणाचा डबा त्याच्याच घरून यायचा. दर गुरुवारी डॉक्टर कैलासला घेऊन आमच्या धारला येत आणि एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत पेशंट तपासत. देवासचे लोक त्यांना जासूस डॉक्टर म्हणतात, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी बायकोला तिथे नेलंच नसतं.

शालिनीला, म्हणजे माझ्या बायकोला, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. त्या तापानं हृदयाची एक झडप खराब करून ठेवली होती, आणि ते आम्हाला कळलं ती अठ्ठावन्न वर्षांची झाल्यावर. जिना चढताना धाप लागायची, पण विचारलं की म्हणायची, "काही नाही हो, वय झालं." डॉक्टरांपुढेही तिनं हेच सांगितलं. मी पुढे केलेली फाइल त्यांनी उघडलीसुद्धा नाही, पालथी घालून ठेवली.

"काकू, झूठ नका बोलू," डॉक्टर म्हणाले. "रिक्षातून उतरलात, मटक्यापाशी रुकलात. पाणी प्यायलाच नाहीत, नुसता पेला हातात धरून उभ्या होतात. मग जिन्यात पुन्हा रुकलात, चप्पल नीट करायच्या बहाण्यानं."

मी चमकून खिडकीकडे पाहिलं. त्यांची खुर्ची अशी मांडलेली होती की खालचा सगळा रस्ता दिसावा. पेशंट वर येण्याच्या आधीच त्याची निम्मी तपासणी होऊन जायची. बाकीच्या लोकांना याचं मोठं कौतुक. मला ते बरं वाटलं नाही. मीसुद्धा पानाच्या टपरीआड उभा राहून दुकानांवर नजर ठेवायचो, पण ती चोर पकडायला. आजारी माणसावर अशी पाळत कशाला?

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मानलं, पण पटलं नाही." पेशंट म्हणाला, गोळ्या वेळेवर घेतो, की हे वाक्य. इंदूरचा रिपोर्ट म्हणाला, सगळं ठीक, की हेच वाक्य. हिंदीतल्या पेशंटला तेच हिंदीतून. शंका फक्त दुसऱ्यांवरच होती असंही नाही. स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधून झाल्या की वाकून पुन्हा ओढून बघायचे. एकदा आमच्याकडून निघताना स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी गॅसचं बटण तपासलं, आणि ते बंद होतं. कैलास म्हणायचा, "म्हारा साब तो थर्मामीटर पे बी भरोसो नी करे. पेलां हाथ लगाय, फेर थर्मामीटर, फेर पाछो हाथ!"

मांडूच्या गाइडची गोष्ट कैलासनंच मला सांगितली. मांडूला पर्यटकांना महाल दाखवत फिरणारा एक माणूस डॉक्टरांचा पेशंट होता. हृदयाचं मोठं ऑपरेशन झालेलं, बिडी कायमची बंद केलेली. दर खेपेला तो गळ्याला हात लावून आईची शपथ घ्यायचा, आणि डॉक्टर म्हणायचे, "मान लिया, पर जँचा नहीं." एका थंडीतल्या रविवारी डॉक्टर माकडटोपी घालून एकटे मांडूला गेले आणि त्याच्यामागून चाललेल्या घोळक्यात शिरले. गाइड अर्धा तास राजाराणीच्या गोष्टी सांगत होता, हे अर्धा तास मुकाट्यानं ऐकत होते. मग लोक फोटो काढण्यात गुंतले तेव्हा गाइड एका कमानीआड जाऊन बसला आणि त्यानं बिडी पेटवली. मागून आवाज आला, "भिया, ये महल किसने बनवाया?"

"दो मिनट बाऊजी," वळून न बघता तो म्हणाला, "जरा साँस तो ले लूँ."

"इसी साँस के लिए मैंने चार घंटे लगाए थे," डॉक्टर म्हणाले.

कैलास हे सांगताना इतका हसला की त्याला ठसका लागला. मी हसलो नाही. एवढा मोठा सर्जन रविवारी टोपी घालून बिडी पकडायला जातो, याला दुसरं काम नाही का? आणि नसेल तर का नाही? लोक याच्याकडे जात नाहीत की काय? मी इंदूरला दोन ठिकाणी गुपचूप चौकशी केली. दोन्ही ठिकाणी सांगितलं, हाताला तोड नाही, स्वभाव जरा चक्रम आहे. दोघांनी अगदी एकच सांगितलं, म्हणून माझी शंका आणखी वाढली.

ऑपरेशन करायचं ठरलं, खराब झडप काढून धातूची बसवायची. त्यानंतर एका गुरुवारी डॉक्टर न सांगता आमच्या घरी हजर झाले. "तुमचं घर बघायचंय," म्हणाले. पायऱ्या मोजल्या, शालिनीची उशी दाबून पाहिली, फ्रिज उघडला, भाजीची टोपली खालवर केली. शालिनीला मात्र हा माणूस आवडायला लागला होता. तिचं माहेर देवासचं. देवासला पूर्वी एका गावात दोन राजे होते, म्हणून तिथली मराठी घरं अजून थोरल्या पातीचे की धाकट्या पातीचे अशी ओळख सांगतात. ही थोरल्या पातीची, डॉक्टर धाकट्या. "धाकट्या पातीचे लोक पहिल्यापासून चौकस," ती म्हणाली, आणि डॉक्टर पहिल्यांदा हसले.

मग त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं, की धातूच्या झडपेला रक्त चिकटू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागेल. या गोळीचं आणि पालेभाजीचं जमत नाही. पालेभाजी जास्त झाली की गोळी लागू पडत नाही, कमी झाली की जास्त लागू पडते. "म्हणून खायची तर रोज सारखी, बेताची. गोळी त्या बेतानंच ठरवणार. आता मला सांगा, मी काय बोललो?" पेशंटकडून वदवून घेतल्याशिवाय ते उठतच नसत. शालिनीनं धडा म्हणावा तसं म्हणून दाखवलं.

"उपास कुठले करता?"

"चतुर्थी, एकादशी, हरतालिका."

"आणखी?"

"बस्स."

"आणखी काही?"

"नाही हो डॉक्टर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि खिशातल्या डायरीत काहीतरी लिहिलं. मग हात धुवायला आत गेले. डायरी टेबलावर तशीच राहिली होती. मी ती उघडली. यात मला लाज वाटली नाही, कारण त्यांनी माझा फ्रिज उघडला होता. आत लिहिलेलं होतं, "काकू काहीतरी लपवतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पस्तीस वर्षं संसार केलेली बायको, देवाला न दाखवता पेढा तोंडात टाकणार नाही, आणि हा कालचा माणूस तिला लबाड म्हणतो! त्या दिवसापासून मी ठरवलं, याच्यावर आता आपण डोळा ठेवायचा.

ऑपरेशन थंडीत झालं. आत नेण्याआधी डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, "या तुमच्याच मिसेस ना?" तिच्या मनगटावर नावाची पट्टी होती, कागदावर नाव होतं, तरी मला पुढे होऊन तिचा चेहरा बघायला लावला. मी चिडून म्हटलं, "दुसरी कुणाची असेल?" ते म्हणाले, "तुमच्या तोंडून ऐकायचं होतं." कितीतरी तासांनी बाहेर आले. दुसरे सर्जन बाहेर येऊन हात मिळवतात, अभिनंदन म्हणतात, हे मी त्या बाकावर बसून तीनदा पाहिलं होतं. हे खिशात हात घालून म्हणाले, "झालं. आता बघत राहू." बघत राहू म्हणजे काय? नंतर काचेतून पाहिलं तर हा माणूस तिच्या खाटेजवळ स्टूल घेऊन नुसता बसलेला. आजूबाजूला चार मशीनं, आणि हा तिच्या तोंडाकडे बघतोय. सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, "सर हमेशा बैठते हैं. कहते हैं, मशीन इनको पहचानती नहीं."

शालिनी घरी आली, हिंडू-फिरू लागली, जिना चढू लागली. ऑपरेशन नीट झालेलं होतं, हे कुणालाही दिसत होतं. तरी हा माणूस पाठ सोडेना. दर गुरुवारी घरी चक्कर. मधल्या दिवशी दुपारी फोन, तोही माझ्याशी बोलायला नाही. "काकूंना द्या." आणि विचारायचं काय, तर आज भाजी कुठली? हिरड्यांतून रक्त येतं का? आमच्या शेजारच्या जोशींच्या जावयाचं ऑपरेशन झालं होतं. मी त्यांना विचारलं, तुमचा सर्जन फोन करतो का? ते म्हणाले, फोन? त्यांना आमचं नाव तरी आठवेल का! मग आमच्याच नशिबी एवढी विचारपूस का? एकच कारण मला सुचत होतं. आत काहीतरी चुकलंय, ते याला ठाऊक आहे, आणि ते कधी बाहेर पडतं याची हा वाट बघतोय. काट्यात खोट असलेला दुकानदार अशा वेळी आमच्या ऑफिसात फार चकरा मारतो, हा माझा अनुभव आहे. मी शालिनीला न सांगता फाइल घेऊन इंदूरच्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं सगळं पाहून सांगितलं, उत्तम आहे. मी म्हटलं, हेही एकाच बिरादरीचे.

मग श्रावण आला.

सुरुवातीला मला काही कळलं नाही. आठवड्यानं तिच्या दंडावर निळसर डाग दिसला. "कपाटाचं दार लागलं," ती म्हणाली. दोन दिवसांनी बेसिनमध्ये दात घासल्यावरचं लालसर पाणी दिसलं. "ब्रश नवा आहे ना." मी लोकांची खोटी वजनं हातात घेताच ओळखायचो, पण बायकोचं खोटं मला ओळखू आलं नाही. त्या आठवड्यात डॉक्टरांचा तीनदा फोन आला. पहिल्यांदा तिनं सांगितलं, आज दुधी. मग दोडका. मग लाल भोपळा. तिसऱ्या फोननंतर दीड-दोन तासांत त्यांची गाडी दारात उभी. ते सरळ स्वयंपाकघरात गेले, टोपली उपडी केली, मग शालिनीला म्हणाले, "हात दाखवा. दोन्ही. बाही वर करा."

दोन्ही दंडांवर डाग होते. मी पाहिला होता तो एकच.

माझा वर्षभर दाबून ठेवलेला राग तिथेच फुटला. "आत काय चुकलंय ते आधी सांगा!" मी ओरडलो. "बायको माझी आहे. मला सांगा, तुमच्या हातून काय चुकलं?"

"चुकलंय," डॉक्टर म्हणाले. "गाडीत बसा. रस्त्यात बोलू."

मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. शालिनीला मी मागच्या सीटवर आडवी केली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टर स्वतः गाडी चालवत होते, फोनवर हॉस्पिटलला सांगत होते की तयारी ठेवा, रक्त फार पातळ झालंय. म्हणजे आता आत कुठे रक्त सुटलं, डोक्यात सुटलं, तर थांबणार नाही, एवढं मलाही समजत होतं. घाटाबिल्लोदच्या पुढे गेलो आणि मला राहवेना. मी बोलत सुटलो. पाळत ठेवता, फ्रिज उघडता, पेशंटला लबाड म्हणता, आणि स्वतःची चूक झाकता. पोलिसात जाईन, पेपरात देईन.

शालिनी माझ्या मांडीवरून उठून बसली. "अहो, त्यांना नका बोलू," ती म्हणाली. "पालेभाजी मी सोडलीय. श्रावणापुरती. बोलले होते देवीला."

"काय बोलली होतीस?"

"सांगायचं नसतं ते."

"आता सांग!"

ती रडायला लागली. "डॉक्टरांच्या हाताला यश दे म्हणून बोलले होते. यांनी ऑपरेशन करायचं म्हटलं ना, त्याच संध्याकाळी. म्हटलं, माझ्या डॉक्टरच्या हाताला यश दे, जन्मभर श्रावणात पालेभाजी खाणार नाही. पालेभाजी जास्त झाली तर वाईट असं डॉक्टर म्हणाले, मग नाही खाल्ली तर चांगलंच ना? कमी झालं तर काय, ते मी तेव्हाच विसरले."

आमच्या घरांतून ही जुनी चाल आहे. श्रावणात पालेभाजी वर्ज्य, भाद्रपदात दही, आश्विनात दूध. हल्ली कुणी फारसं पाळत नाही, पण नवस बोलायचा तर बायकांना हे पटकन सुचतं. आणि बोललेलं कुणाला सांगायचं नसतं, सांगितलं तर फळ जातं. तिनं डॉक्टरांना यश मिळावं म्हणून डॉक्टरांशीच खोटं बोलून स्वतःचा जीव धोक्यात घातला होता. मी आरशात पाहिलं. डॉक्टरांचा चेहरा तसाच रस्त्याकडे होता. "किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं. "दहा," ती म्हणाली. "ठीक," म्हणाले, आणि गाडीचा वेग वाढवला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी देवाला काय काय कबूल केलं असेल, ते माझं मला माहीत. तिसऱ्या दिवशी रक्त ताळ्यावर आलं. धोका टळला असं सिस्टरनं सांगितलं. डॉक्टर अर्थातच म्हणाले नाहीत. मी त्यांना वऱ्हांड्यात गाठलं. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं ते असं, "तुम्ही चुकलंय म्हणालात ते काय?"

"मला शक होता, काकू सावनात पालेभाजी सोडणार," ते म्हणाले. "म्हणून सावन लागला तसा मी मुद्दाम तुमच्याकडे आलो होतो, आठवतं? काकूंनी पालक केला होता. मला वाटलं, चला, माझा शक गलत. मग दोन-अडीच आठवडे फोन केला नाही, गुरुवारीही आलो नाही. मी कैलासच्या घरचं जेवतो. माझा सावन त्याच्या घरच्या हिंदी पंचांगाचा. आपला मराठी श्रावण पंधरा दिवस मागून लागतो, हे मला, देवासच्या मराठी माणसाला, आठवलं नाही. आई गेल्यापासून घरात कॅलेंडरच नाही. बस, ही गलती."

मी नोकरीत हजारो माणसांच्या चुका पकडल्या. स्वतःची चूक इतकी नीट मोजून कुणी माझ्या हातात दिली नव्हती.

संध्याकाळी ते राउंडला आले तर शालिनी तोंड फिरवून पडलेली. तिला मेथीची भाजी दिली होती आणि ती खाताना रडली होती. "काय झालं काकू?"

"अर्ध्यात मोडलं," ती म्हणाली. "आता दोष तुमच्या हाताला लागेल. तुम्ही रोज कुणाकुणाला कापता."

डॉक्टर स्टूलवर बसले. आयुष्यात कधी देवळात गेले नसतील. टेकडीच्या पायथ्याशी राहून टेकडी चढले नव्हते, असं कैलास सांगायचा. मला वाटलं, आता हिला विज्ञान शिकवतात. ते म्हणाले, "दुसऱ्या कुणी पुरं केलं तर चालतं?"

तिनं तोंड वळवलं. "घरच्या माणसानं केलं तर चालतं. पण हे नाही करायचे, यांचा कशावरच विश्वास नाही."

"मग मला घरचा धरा," डॉक्टर म्हणाले. "गोळी तुम्ही सांभाळा, श्रावण मी सांभाळतो. उरलेल्या दिवसांत पालेभाजी मी सोडली."

"दर वर्षी सोडायचीय हो."

"दर वर्षी."

शालिनीचा चेहरा असा खुलला की मला बरं वाटलं आणि लगेच शंका आली. पेशंटची समजूत घालायला डॉक्टर काहीही बोलतात. त्यात हा असा माणूस, ज्याला थर्मामीटर पटत नाही, तो व्रत कुठलं पाळतोय! पुन्हा विचार केला, न पाळेना का, तिचं समाधान झालं ना? पण माझ्यानं राहवेना. तिला घरी आणलं, ती दोन वेळचं बेतानं जेवायला लागली आणि रोज एकदा तरी म्हणायची, "डॉक्टर पाळत असतील का हो?" प्रश्न तिचा होता, झोप माझी उडाली. दोष लागेल या धास्तीनं ती उद्या पुन्हा गुपचूप ताट बाजूला सारेल, ही भीती मला खात होती. मला तिला खरं उत्तर द्यायचं होतं, आणि खरं उत्तर तपासल्याशिवाय देता येत नाही.

राखी होऊन गेली. त्यानंतर चार दिवसांनी, कन्नौदला जुन्या मित्राकडे जातो असं सांगून मी पहाटेच्या गाडीनं इंदूरला आणि तिथून देवासला गेलो. नोकरीत जसा जायचो तसाच, न सांगता. डॉक्टर सकाळी दवाखाना उघडण्याआधी कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे खातात, हे मला ठाऊक होतं. समोर एक ऑटो उभी होती, तिच्याआड मी उभा राहिलो. लपून बघण्याची वेळ आता माझी होती, आणि त्याची मला खरोखर लाज वाटत होती.

डॉक्टर आले, बरोबर कैलास. पोहेवाल्यानं मोठ्या परातीतून वाफाळते पोहे काढले, वर शेव, जीरावन मसाला घातला. डॉक्टरांनी प्लेट घेतली, पण खायला सुरुवात केली नाही. पोह्यांत सगळीकडे कोथिंबीर कालवलेली होती. त्यांनी चमचा उलटा धरला आणि त्याच्या दांड्यानं कोथिंबिरीचं एकेक पान बाजूला काढायला लागले. पालेभाजी सोडली म्हणजे कोथिंबीरही सुटते की नाही, यावर मी कधी विचारच केला नव्हता. शालिनीनं केला असता. खिशातले ते हात मी पहिल्यांदाच इतक्या बारीक कामात गुंतलेले पाहिले. शेव बाजूला करायची, खालचं पान उचलायचं, प्लेटच्या कडेला ठेवायचं, पुन्हा शेव बाजूला करायची. घाई नाही, हयगय नाही. पोहे गार होत होते. कैलासचे खाऊन झाले होते आणि तो मान खाली घालून पाणी पीत होता. त्याला हे रोजचं असावं.

पोहेवाल्याला काही ते बघवेना. "साब, अब काहे निकालते हो?" तो म्हणाला. "राखी हो गई. सावन तो गया."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. कांद्याला चिकटलेलं एक पान सोडवत ते म्हणाले, "हमारे घर में अभी चल रहा है, भिया."